मार्च लागला की बोअरचं पाणी तुटतं: नवा बोअर मारण्याआधी काय तपासायचं

दुखणं ओळखीचं आहे. दिवाळीत बोअर लाइन (वीज) असेपर्यंत चालतो, संक्रांतीपर्यंत काही तक्रार नसते, आणि होळी जवळ आली की मोटर लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाइप हवा मारायला लागतो. थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा तेवढंच पाणी, पुन्हा हवा. विदर्भातल्या वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यात हे नेमकं आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) फळं बारीक असताना होतं. त्या दिवसांत झाडाची तहान भागली नाही तर फळगळ थांबवणं कोणाच्या हातात राहत नाही. म्हणून घाई होते, आणि घाईत एकच उत्तर सुचतं: अजून खोल घेऊ, नाही तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दुसरा मारू. बोअरची गाडी येते, एका रात्रीत लाख-दीड लाख जमिनीत जातात, एक-दोन हंगाम बरे निघतात आणि मग नव्या बोअरचंही तेच.

मोटरी बसवणं-काढणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हे जवळून बघतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘बोअर आटला’ हे एक दुखणं नाही. पाणी खरंच खाली गेलं, पाणी आहे पण मोटर झऱ्यापेक्षा जास्त ओढते, पाणी आहे पण मोटर-पाइपातच बिघाड आहे, किंवा शेजारच्या मोटरी चालू झाल्या की आपलं पाणी उतरतं, या चारही वेळा वरून दिसतं ते सारखंच: पाइपातून हवा. इलाज मात्र चारही वेगळे आहेत. कोणतं दुखणं आपलं, हे दोन-तीन दिवसांत आणि शे-दोनशे रुपयांत कळतं. ते न करता गाडी बोलावू नका.

पहिल्यांदा पातळी मोजा

सगळी तपासणी एका आकड्यावर उभी आहे: पाणी जमिनीपासून किती फुटांवर आहे. कित्येक शेतकऱ्यांना बोअर किती फूट खोल आहे ते पाठ असतं, पण पाणी कितीवर आहे ते विचारलं की गप्प होतात.

नायलॉनच्या सुतळीला दर पाच फुटांवर गाठ मारा, टोकाला जड नट बांधा आणि कॅसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या, तोंडातून हळूहळू सोडा. नट पाण्याला लागला की ‘डुब्ब’ असा आवाज येतो आणि हाताला ओझं हलकं लागतं. दोन-तीनदा वर-खाली करून खात्री करा. अडचण एकच आहे की सुतळी केबलला आणि पाइपाच्या क्लँपला अडकते. म्हणून पुढच्या वेळी मोटर बाहेर निघेल तेव्हा तिच्यासोबत वीस मिलिमीटरचा साधा काळा पाइप मोटरीपर्यंत सोडून बांधून घ्या. त्या पाइपातून सुतळी विनात्रास जाते आणि नंतर जन्मभर मोजणी करता येते. माझं चाललं तर या पाइपाशिवाय एकही मोटर खाली जाऊ देणार नाही. पातळी बघायला बोअरमध्ये दगड टाकून आवाज ऐकायची सवय मात्र सोडा. तो दगड मोटर आणि बोअरच्या भिंतीत अडकला तर मोटर वर येत नाही.

मोजायचं असं. रात्रभर मोटर बंद ठेवून सकाळी पहिली पातळी घ्या. मग मोटर लावा, घड्याळ लावा आणि पाण्याच्या तोंडाशी दोनशे लिटरचा ड्रम ठेवून तो किती वेळात भरतो ते बघा. पाणी तुटेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. तुटल्याबरोबर मोटर बंद करून लगेच पातळी घ्या, पुन्हा दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन तासांनी घ्या. शेवटची दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिलीच्याच वेळेला. हे वहीत लिहा, हातावर नको.

आता वही वाचा. पाइपातून हवा येत असताना किंवा धार बारीक असतानाही पाणी मोटरीच्या बरंच वर उभं असेल तर दोष मोटर-पाइपात आहे, जमिनीत नाही. पाणी मोटरीपर्यंत उतरलं पण एक-दोन तासांत जवळजवळ मूळ जागी आलं, तर झरा जिवंत आहे आणि मोटर त्याच्या मानाने मोठी आहे. दुसऱ्या दिवशीची सकाळची पातळी आदल्या दिवशीपेक्षा खाली, तिसऱ्या दिवशी अजून खाली, तर जेवढं येतं त्याहून जास्त काढलं जातंय. आणि मोटर बंद असतानाच, लाइनच्या वेळेत पातळी उतरत असेल, तर कारण तुमच्या धुऱ्यापलीकडे आहे.

पाणी वर आहे पण बाहेर येत नाही

हे सगळ्यात स्वस्तात सुटणारं दुखणं, म्हणून आधी हेच बघा.

मोटर बंद केल्यावर लगेच कॅसिंगच्या तोंडाला कान लावा. आत पाण्याची धार पडल्यासारखा आवाज आला तर पाइपाला किंवा जोडाला भोक आहे, वर येणारं पाणी परत बोअरमध्येच पडतंय. एक सावधगिरी: उन्हाळ्यात पातळी वरच्या झऱ्याच्या खाली गेली की तो झराही आतल्या आत पडताना ऐकू येतो. मोटर रात्रभर बंद असतानाही आवाज चालूच असेल तर तो झऱ्याचा, बंद केल्यावर काही मिनिटांत थांबला तर पाइपाचा. मोटर लावल्यापासून पाणी वर यायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागत असेल तर पंपावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेलेला असतो आणि पाइप दर वेळी रिकामा होतो.

डीपी (ट्रान्सफॉर्मर) बदलल्यावर किंवा लाइनवर काम झाल्यावर पाणी एकदम कमी झालं तर फेज उलटलेत का बघा. थ्री फेज मोटर उलटी फिरली तरी थोडं पाणी देते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही आणि खापर बोअरवर फुटतं. मेन स्विच बंद करून स्टार्टरमधल्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटर सुलटी फिरते. व्होल्टेज बघा. ४१५ च्या जागी ३५० च्या खाली असेल तर मोटर अँपिअर जास्त घेते, गरम होते आणि पाणीही कमी देते. जुन्या पंपाचे आतले पंखे रेतीने झिजलेले असतात. त्यांना पंप काढून बदलण्याशिवाय पर्याय नाही, पण तो खर्च बोअरच्या खर्चापुढे काहीच नाही.

मोटर मोठी, झरा लहान

आमच्या पट्ट्यात मार्चमधल्या तक्रारींत हे दुखणं मला सगळ्यात जास्त दिसतं, आणि नेमकं यालाच लोक ‘आटला’ म्हणतात.

हिशेब असा आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात साडेसहा लिटर पाणी मावतं, लक्षात ठेवायलाही सोपं. समजा बोअर १९० फूट, मोटर १८० वर आणि सकाळी पाणी ७० फुटांवर. म्हणजे मोटरीच्या वर ११० फूट पाणी उभं आहे, सुमारे ७०० लिटर. साडेतीन ड्रम, बस. ही रात्रभरात जमलेली शिल्लक आहे. तीन एचपीची मोटर या खोलीवरून मिनिटाला साधारण १०० लिटर काढते. पाणी नऊ मिनिटांनी तुटलं. म्हणजे ९०० लिटर बाहेर आलं, त्यातले ७०० आधीच उभे होते, उरलेले २०० नऊ मिनिटांत झऱ्यातून आले. म्हणजे झरा मिनिटाला २२ लिटर देतोय.

मिनिटाला २२ लिटर ऐकायला थोडं वाटतं. पण आठ तासांच्या लाइनमध्ये ते साडेदहा हजार लिटर होतात. संत्र्याच्या मोठ्या झाडाला मेच्या उन्हात ठिबकने दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं असं धरलं, तर हा ‘आटलेला’ बोअर शंभरेक झाडं जगवतो. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एका एकरात ११० च्या आसपास झाडं बसतात. म्हणजे एक एकर बाग या बोअरवर उभी राहू शकते, आणि मालक तो मेला म्हणून दुसरा मारायला निघालेला असतो.

मग पाणी जातं कुठे? मोटर नऊ मिनिटांत पाणी ओढून टाकते आणि पुढे हवा मारत बसते किंवा ट्रिप होते. मालक वैतागून तिला संध्याकाळपर्यंत हात लावत नाही. पातळी वर चढत जाते तसा झऱ्याचा जोर कमी होतो, कारण खाली ओढ नसते. दोन-तीन तासांनी बोअर भरतो आणि पुढचा सगळा वेळ वाया. पाणी जमिनीत होतं, फक्त ते काढायची रीत चुकली.

इलाज दोन. पहिला म्हणजे मोटर लहान करा. एक एचपीची मोटर या खोलीवरून मिनिटाला तीस-चाळीस लिटर काढते, ती झऱ्याच्या बरीच जवळ जाते. “तीनची काढून एकची बसवू?” असं विचारताना लोकांना कमीपणा वाटतो हे मला ठाऊक आहे, पण पाण्याच्या हिशेबात एचपीला मान नसतो. दुसरा, मोटर तीच ठेवून तिला टायमर आणि ड्राय रन बंदोबस्त (पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र) लावा. पाच मिनिटं चालू, वीस-पंचवीस मिनिटं बंद, असं दिवसभर. तुमच्या वहीतले आकडे बघून वेळ ठरवा: पाणी मोटरीच्या दहा-पंधरा फूट वर राहील तेव्हाच बंद पडायला हवी. गेट व्हॉल्व्ह थोडा दाबून धार कमी केली तरी चालतं, पण फार दाबू नका. मोटर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते.

एवढं थोडंथोडं पाणी थेट ठिबकला दाब देत नाही, हे खरं. म्हणून मध्ये साठवण लागते. जुनी विहीर असेल तर उत्तम, पण तिच्या भिंतींतून पाणी मुरत नाही ना ते आधी बघा. नसेल तर अस्तर लावलेलं लहान शेततळं किंवा सिमेंटची टाकी. बोअरने दिवसभर टाकी भरायची आणि टाकीवरच्या वेगळ्या मोटरीने ठिबक चालवायचं. खर्च येतो, पण हा खर्च दरवर्षी पुन्हा करावा लागत नाही.

ड्राय रनबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. शेतीची लाइन आठवड्याआड रात्री येते, म्हणून प्रत्येकाने ऑटो स्टार्टर बसवलेला असतो. रात्री दोनला लाइन आली, मोटर आपोआप चालू झाली, दहा मिनिटांत पाणी तुटलं आणि सकाळी माणूस वावरात पोचेपर्यंत ती कोरडी फिरत राहिली. जळालेल्या मोटरींचं हे ठरलेलं कारण आहे. ऑटो आहे आणि ड्राय रन नाही, असं कनेक्शन ठेवूच नका.

लाइन आली की पाणी उतरतं

एका फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, सगळ्या मोटरी एकाच वेळी चालू होतात. एकाच थरातून पाणी ओढणारे बोअर जवळजवळ असले की प्रत्येकाची पातळी दुसऱ्यामुळे उतरते. तपासायला सोपं आहे. लाइनच्या वेळेत आपली मोटर बंद ठेवा आणि तासातासाने पातळी मोजा. पाच-दहा फूट उतरली तर शेजाऱ्याचं आणि तुमचं भांडं एकच आहे.

अशा ठिकाणी तुम्ही खोल गेलात तर तो उद्या तुमच्यापेक्षा खोल जाईल. वरुड तालुक्यात आठशे-हजार फुटांपर्यंत गेलेले बोअर याच शर्यतीतले आहेत, आणि वरुड-मोर्शी भूजल अतिशोषित म्हणून नोंदले गेलेत तेही यामुळेच. दोघा-तिघांनी वेळा वाटून घेतल्या, एकाने लाइनच्या पहिल्या चार तासांत आणि दुसऱ्याने नंतरच्या चार तासांत मोटर लावली, तर दोघांचीही मोटर कमी तुटते. भावकीत हे बोलणं जड जातं. तरी दोघांनी मिळून एकदा सुतळी सोडून पातळी उतरताना बघितली की वाद बराच कमी होतो, कारण आकडा दोघांसमोर असतो.

सकाळची पातळीच रोज खाली

हे खरं आटणं. यात मोटर, टायमर, कशानेही पाणी वाढत नाही, फक्त पुरवून वापरता येतं. इथे आपल्या जमिनीखाली काय आहे ते समजून घ्यावं लागतं.

नागपूरच्या पश्चिमेला वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. प्रत्येक थराचा माथा जाळीदार, मधला भाग घट्ट, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल गेरूसारखी माती. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, जाळीदार भागात आणि भेगांत. घट्ट पाषाणात पाणी नसतं. खोल जावं तशा वरच्या वजनाने भेगा आवळत जातात, म्हणून खाली नदी वाहते ही समजूत पाषाणात टिकत नाही. खाली एखादा जाळीदार थर लागतोही, पाणी जोरात येतंही, पण त्या थराला वरून पाणी फार सावकाश मिळतं. आधीचा साठा संपेपर्यंत दोन-तीन वर्षं मजेत जातात. नवा खोल बोअर काही वर्षांतच ‘मरतो’ तो असा.

चांगल्या पाझराच्या पाषाणातसुद्धा शंभर घनफूट दगडातून हाती लागणारं पाणी दोन-तीन घनफुटांपलीकडे जात नाही. दोन घनफूट धरलं तर एक एकराखालची पातळी एक फूट उतरली की साधारण पंचवीस हजार लिटर पाणी निघतं. ज्या शिवारात एकराएकरावर बोअर आहे आणि प्रत्येक जण रोज वीस-पंचवीस हजार लिटर काढतो, तिथे पातळी रोज जवळजवळ फूटभर खाली जाणार. जानेवारी ते मे किती दिवस होतात ते मोजा.

यावर एक मोजणी फार उपयोगाची आहे आणि ती कोणी करत नाही: ऑक्टोबरची. पाऊस उघडल्यावर, रब्बीच्या मोटरी लागण्याआधी पातळी घ्या आणि दरवर्षी घेत जा. ऑक्टोबरात पाणी दरवर्षी पंधरा-वीस फुटांवर येऊन उभं राहत असेल, तर जमीन भरतेय. तिथे पुनर्भरणाचा खड्डा खणून फार काही हाती लागत नाही, भरलेल्या भांड्यात अजून ओतल्यासारखं होतं. तिथे उपाय वापर कमी करण्याचा: ठिबक, आच्छादन, पाटपाणी बंद, आणि उन्हाळी पीक टाळणं. पण ऑक्टोबरची पातळीच दरवर्षी खाली सरकत असेल, तर जमीन भरत नाही, आणि तिथे नाल्यावरचे बांध, समतल चर, विहीर पुनर्भरण यावर घातलेला प्रत्येक रुपया कामाचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, ठरवलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. जिल्ह्याच्या कार्यालयातून आपल्या जवळच्या विहिरीचे जुने आकडे मागा. आपल्या वहीशेजारी ते ठेवले की चित्र स्पष्ट दिसतं.

पुनर्भरण करणार असाल तर विहिरीत करा, बोअरमध्ये जपून. वावरातलं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडलं की गाळ झऱ्याच्या तोंडाशी बसतो आणि चांगला झरा बंद होतो. खत-फवारणीचं पाणीही सरळ खाली जातं. मोठे दगड, वर गिट्टी, वर रेती अशी गाळणी हवीच, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाजूला काढून द्यायचं.

जुनी विहीर असलेल्यांनी अजून एक बघा. विहिरीच्या भिंतीतून आडवे बोअर मारले तर पाषाणातल्या उभ्या भेगा कापल्या जातात आणि बऱ्याचदा पाणी वाढतं. विहिरीच्या तळात उभा बोअर मारणं मात्र धोक्याचं. खालचा थर कोरडा असेल तर विहिरीचं पाणी त्याच भोकातून खाली निघून जातं. ‘बोअर मारला आणि विहीरही गेली’ असं ऐकू येतं ते यामुळे. शिवारातल्या खोल बोअरांमुळे उथळ विहिरी आटतात, त्यातलंही एक कारण हेच आहे.

पाणी गढूळ किंवा लाल येतं, मोटर अडकते

लाल पाणी म्हणजे गेरूचा थर सुटतोय. कॅसिंग मुरमातच थांबलं आणि घट्ट पाषाणात बसलं नाही, की पावसाळ्यात वरची माती बाजूने आत येते. तसा बोअर दरवर्षी थोडा बुजत जातो. आठवणीतली खोली १९० आणि सुतळी १५० ला टेकते, असं झालं तर पाणी आटलेलं नाही, बोअर भरलाय. कॉम्प्रेसरने धुऊन काढता येतो, आणि मोटर तळापासून दहा-पंधरा फूट वर ठेवायची. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-मातीचा जाड थर आहे आणि पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची जमीन आहे. तिथे पाणी देणाऱ्या थरापर्यंत कॅसिंग आणि जाळीचा पाइप लागतो. खारपाणपट्ट्यात तर खोल जाणं म्हणजे खारं पाणी ओढवून घेणं.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे आणि चंद्रपूरच्या काही भागांत दगडच वेगळा, तिथल्या कठीण दगडात पाणी भेगांतच असतं. पाण्याच्या दाबाने भेगा मोकळ्या करायची पद्धत तिकडच्या हातपंपांच्या बोअरला उपयोगी पडते.

घरी पिण्यासाठी खोल बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर जातं. ते चवीला कळत नाही, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडल्यावर कळतं.

एवढं करूनही नवा बोअर घ्यायचाच असेल

कायदा आधी. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा २०१४ पासून लागू आहे. शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे १९७ फुटांपेक्षा, खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही. गाडीच्या मालकानेही नोंदणी करायची असते. “सगळेच घेतात” असं एजंट म्हणेल. पण गावच्या नळयोजनेची विहीर आटली तर त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत आपल्याच घरची बाई उभी असते.

जागा दाखवायला नारळ किंवा कडुनिंबाची काडी घेऊन फिरणाऱ्यावर माझा विश्वास नाही. ज्यांचा आहे त्यांच्याशी मी भांडत नाही. फक्त जीएसडीएच्या किंवा जाणकार भूवैज्ञानिकाच्या सर्व्हेला तेवढाच मान द्या. आणि आजूबाजूच्या बोअरमध्ये कितीवर काय लागलं ते विचारा, ही माहिती फुकट आहे आणि खरी आहे.

गाडी चालू असताना तिथे उभे राहा. गाड्या बऱ्याच तामिळनाडूच्या तिरुचेंगोडकडच्या असतात, पोरं मेहनती असतात, पण त्यांना पुढच्या गावाला जायची घाई असते. प्रत्येक रॉड बदलताना मूठभर चुरा घेऊन कागदावर ओळीने ठेवा. बारीक, टोकदार, काळा-करडा चुरा म्हणजे घट्ट पाषाण. तपकिरी, हलका, त्यात पांढरे-हिरवट ठिपके, म्हणजे जाळीदार थर, पाणी असलं तर इथे. लाल चिखल म्हणजे गेरू, तिथे भिंत ढासळू शकते. धूळ थांबून चुऱ्याच्या ओल्या गोळ्या यायला लागल्या की फूट लिहून ठेवा. पुढे मोटर कितीवर ठेवायची, कॅसिंग कुठपर्यंत, हे सगळं त्या कागदावरून ठरतं.

‘दोन इंच पाणी लागलं’ म्हणजे किती ते नीट समजून घ्या. मोजणीच्या पत्र्याला काटकोनी खाच असते, तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची म्हणजे इंच. एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे २,९०० च्या आसपास, तीन इंच म्हणजे जवळपास ८,०००. इंच दुप्पट झाले की पाणी पाचपटीहून जास्त होतं. म्हणून ‘दीड की दोन’ हा फरक नजरेने सोडायचा नाही, पत्रा लावून मोजायला सांगा, आणि रॉड थांबल्यावर हवा मारून अर्धा-पाऊण तास धार टिकते का ते बघा. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी भेगांत साठलेलं असतं. त्या आकड्यावर मोटर घेतली की पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तीच तक्रार.

जो बोअर सोडून दिला तो

नवा लागला की जुन्याचं कॅसिंग उपटून दुसरीकडे वापरतात आणि भोक तसंच राहतं. हे करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच याबाबत सूचना दिल्या आहेत: चालू बोअरभोवती सिमेंटचा ओटा आणि तोंडाला पक्कं झाकण, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, रेती, दगड-गोट्यांनी पूर्ण बुजवायचा. तोंडावर पोतं आणि दगड ठेवणं म्हणजे बुजवणं नाही, पोतं एका पावसाळ्यात कुजतं. बुजवताना आधी गोटे आणि रेती टाका, पाण्याने बसू द्या, मग वर मातीचा थर दाबून भरा. पहिल्या पावसानंतर माती खचते, तेव्हा जाऊन पुन्हा भर घाला. मोजणीसाठी म्हणून एखादा जुना बोअर उघडा ठेवायचा असेल तर कॅसिंग जमिनीच्या दोन फूट वर ठेवून त्याला कुलपाचं लोखंडी झाकण बसवा आणि किल्ली घरात ठेवा.